मनस्वीचं माप

शांतवन भालेराव साक्ष द्यायला उभा राहिला की सीवूड्सच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या बायका पर्समधून रुमाल काढून तयार ठेवायच्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. कुणाचा मुतखडा पडलेला असतो, कुणाच्या पोराला नोकरी लागलेली असते. पण शांतवनची साक्ष म्हणजे नाताळच्या कार्यक्रमाचा कळस. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये ख्रिस्तजन्माचं नाटक संपलं की तो माइक हातात घ्यायचा.

"रात्री झोपेत मला कुणीतरी हाक मारली. म्हणाले, ऊठ, बाळाला आणि तिच्या आईला घेऊन इथून नीघ. मी उठलो. योसेफ उठला तसा उठलो. आणि सकाळी..."

इथे त्याचा आवाज फुटायचा. दर वर्षी इथेच. सकाळी करावे गावातली ती चार मजली इमारत खाली बसली होती, हे सगळ्यांना पाठ होतं. मग तो हात लांब करून मुलीला जवळ बोलवायचा. "हा बघा माझा पुरावा." त्याची मुलगी मनस्वी, नाटकातल्या त्या त्या वर्षीच्या वेषात, कधी मेंढरू होऊन तर कधी तारा होऊन, लाजत बापाच्या कुशीत येऊन उभी राहायची. टाळ्या. हालेलुया.

मागच्या खुर्च्यांत शर्मिला साळवे बसलेली असायची. मेंढराची लोकर तिने शिवलेली, ताऱ्याची टिकली न् टिकली तिने टाचलेली. त्याच इमारतीत, शांतवनच्या समोरच्या दारात ती राहत होती. तिचा काही महिन्यांचा तेजस त्या सकाळी आत झोपला होता आणि ती खाली दुधाला गेली होती. पिशवी घेऊन वळली तर समोर इमारत नव्हती, नुसती धूळ होती.

साक्षीत तेजसचं नाव कधी आलं नाही. "अनेक जण गेले" एवढंच यायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मढ्याचं नाव कशाला घेईल?

कुणी म्हणेल, ही बाई बसून ऐकून कशी घ्यायची? तर त्याला कारण शास्त्रातलंच होतं. नाताळचं नाटक दाखवतात ते अर्धंच. उतारशाळेत जागा नाही, मग गोठा, गव्हाणीत बाळ, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी लोक, की पडला पडदा. त्याच्या पुढचं पान कुणी रंगवत नाही. हेरोद राजाला या नव्या राजाच्या जन्माचा धसका बसतो. योसेफाला स्वप्नात निरोप येतो आणि तो रातोरात बायको-मुलाला घेऊन मिसर देशाकडे पळतो. मागून हेरोदाचे शिपाई येतात आणि बेथलेहेमातले दोन वर्षांच्या आतले सगळे मुलगे कापून काढतात. जाताना योसेफाने शेजारच्या दारावर थाप मारली, असं कुठेही लिहिलेलं नाही. शर्मिलाने ते पान इतक्यांदा वाचलं होतं की तिथे पुस्तक आपोआप उघडायचं. स्वप्न एकालाच पडलं, तर निघणारही तो एकटाच. म्हणजे तिचं दार वगळलं ते देवाने, माणसाने नाही. देवाशी भांडून कुणाचं भलं झालंय? माणसाने वगळलं असतं तर तिने त्याचं घर उन्हात बांधलं असतं. या एका समजुतीवर ती बाई जगत होती.

एके काळी या दोन घरांत भाजीच्या वाट्या दिवसातून दोनदा इकडून तिकडे जायच्या. दोन्ही घरं नगरकडची. शर्मिला आणि शांतवनची बायको अस्मिता एकाच वेळी गरोदर राहिल्या, एकमेकींचे पाय चेपून दिले, एकाच दवाखान्यात बाळंत झाल्या. आधी तेजस आला, मागून थोड्याच दिवसांनी मनस्वी.

आणि मग नाताळ आला. मंडळीत एक रिवाज होता, अजूनही आहे. त्या वर्षी सगळ्यात शेवटी जन्मलेलं बाळ गव्हाणीत ठेवायचं. बाहुली चालत नाही, जिवंत लेकरू लागतं. ज्या घरचं लेकरू, त्या घराला वर्षभर मान. रिवाजाने मान मनस्वीचा होता. पण तेव्हाचे म्हातारे पाळकसाहेब म्हणाले, "मुलगी? मुलीला तारणारा म्हणून कसं ठेवायचं गव्हाणीत? साळव्यांचा मुलगा घ्या." शर्मिलाला एक शब्द बोलता आला असता. ती बोलली नाही. उलट आनंदाच्या भरात सगळ्या बायकांसमोर अस्मिताला म्हणाली, "तुझीला मेंढरू करू की गं. मी लोकर शिवून देते." बायका हसल्या. अस्मिताही हसली, आणि त्या दिवसापासून वाटी आली नाही, दार उघडलं नाही, जिन्यात समोर आली तर मान फिरायला लागली. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात इमारत पडली.

शर्मिलाचा नवरा निशांत उरणला कंटेनर यार्डात रात्रपाळीला होता, म्हणून वाचला. वाचून त्याने काय केलं, तर बायकोला एकच प्रश्न विचारला, "एक दिवस दूध आणलं नसतंस तर?" रोज विचारला. वर्ष भरायच्या आत तो नगरकडे भावाच्या घरी निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. ढिगाऱ्यातून शर्मिलाचं शिलाई मशीन तेवढं धड निघालं. तेच नेमकं निघायचं होतं! ते घेऊन तिने करावे गावातच एका किराणा दुकानाच्या ओट्यावर काम मांडलं. फॉल-बिडिंग, शाळेचे युनिफॉर्म, टॉवरमधल्या साहेबलोकांच्या पँटची उंची कमी करायची. गावातल्या बायका तिच्या ओट्यावर फारशा यायच्या नाहीत. आल्या तरी काम देऊन लगेच निघायच्या, बोलायला थांबायच्या नाहीत. तिला वाटायचं, मेलेल्या लेकराच्या आईशी बोलायला माणसं बिचकतात.

नाताळच्या नाटकाचे कपडे मात्र ती फुकट शिवायची. त्यामागे तिचा स्वार्थ होता, आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. दर वर्षी नोव्हेंबरात मनस्वी माप द्यायला यायची. खांदा, छाती, बाहीची लांबी, उंची. पोरगी हात पसरून उभी राहायची आणि शर्मिला टेप लावायची. त्या मापावरून आधी नाटकाचा झगा बेतायचा, आणि मग दार लावून, तेजसचा शर्ट. मुलगा म्हणून खांदा थोडा रुंद, बाही थोडी लांब. मुली अलीकडे झपकन वाढतात म्हणून उंचीत बोटभर कमी. काजं-बटणांसकट शर्ट पुरा व्हायचा, इस्त्री व्हायची आणि पत्र्याच्या पेटीत जायचा. अंदाजाने शिवणं तिला कधी मान्य नव्हतं. जे कापड अंगावर मापल्याशिवाय कापलं, ते कुणाचंच नसतं, असं ती म्हणायची. तेजस तिच्यासाठी दर वर्षी वाढत होता, तो मनस्वीच्या अंगाने.

यंदा दोघं बारा वर्षांची झाली. नाटकही लांबवलं होतं. येशूच्या बालपणाचं शास्त्रात फार काही नाहीच. जन्म, मिसरला पळून जाणं, आणि एकदम बाराव्या वर्षी यरुशलेमेच्या मंदिरात मोठमोठ्या गुरुजींना प्रश्न विचारत बसलेला, आईबापाला तीन दिवस न सापडलेला मुलगा. त्यापुढे मोठा होईपर्यंत सगळं कोरं. नवीन पाळकसाहेबांनी हा मंदिराचा प्रवेश घेतला होता. मनस्वीला मरीया दिली होती.

"मला नको होती मरीया," हात पसरून उभी असलेली मनस्वी कुरकुरली. "मला मंदिरातला येशू करायचा होता, काकू. त्याला मस्त डायलॉग आहेत. तर नाटकाचे सर बोलले, मुलगी चालत नाही."

"मग मम्मी काय म्हणाली?"

"मम्मी जाम तडकली. सरांवर नाही, पप्पांवर. बोलली, पहिल्यापासून हेच चाललंय माझ्या पोरीचं. आणि तुम्ही जा, द्या साक्ष. स्वप्न म्हणे! त्या रखमाआजीने जिन्यात बोंब मारली नसती तर तुम्हाला कुठला देवदूत दिसणार होता?" मनस्वी हसली. "पप्पांचं तोंड असलं झालं ना, काकू! रखमाआजी कोण?"

शर्मिलाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. "हात खाली घे," ती म्हणाली. "झालं माप."

रखमाआजी म्हणजे ती इमारत बांधणाऱ्या नामाशेठची आई. आपल्याच गावठाणातल्या जागेवर नामाशेठने मजल्यावर मजले चढवले होते, आणि केस अजून कोर्टात लोळत पडली होती. म्हातारी तेव्हा तळमजल्यावर राहायची. आता खाडीकडच्या जुन्या घरात असायची. शर्मिला गेली तेव्हा ती अंगणात मांडीवर सूप घेऊन सुकट निवडत बसली होती.

"आजी, त्या रात्री तुम्ही शांतवनला काय सांगितलंत?"

म्हातारीचा हात थांबला नाही. "तुला सांगलं तेच."

"मला कुणी काही सांगितलं नाही."

"सांजपास्नं खांब कडकड बोलत व्हता. नाम्याला सांगलं, तर तो बोलला, म्हातारे, गप बस. मंग हा शांतवन वर जात व्हता, त्याचा हात धरला. बोलले, माझं गुडगं नाय चढत, तू सगल्यांना उठव, पोरांना आधी काढ. व्हय आजी, बोलला, तवा मी भायेर पडले." म्हातारीने आता मान वर केली. "दुसऱ्या दिवशी सगल्या गावासमोर रडला तो. बोलला, दारं वाजवली, कोनी आयकलं नाय. शर्मिला तर बोलली, मशीन टाकून मी येत नाय. तवापास्नं मी तुझ्या ओट्याची पायरी चढली नाय. पोरापरीस मशीन जास्त झाली हिला, असाच बोलतो गाव."

गावाला एक गोष्ट आणि मंडळीला दुसरी. दोन्हींत माणूस निर्दोष. शर्मिला तिथेच मातीत बसली. एवढ्या वर्षांत गावातल्या बायका तिच्याशी का बोलत नव्हत्या, ते तिला आता कळलं. म्हातारीलाही काहीतरी कळलं असावं, कारण सुकटीचं सूप तिच्या मांडीवरून घसरलं आणि तिने ते उचललं नाही.

शर्मिलाने शांतवनला गाठलं ते शाळेच्या हॉलमध्ये. तो शिडीवर चढून कागदी चांदणी टांगत होता. तिने नुसतं "रखमाआजी" म्हटलं आणि तो शिडीवरून उतरला. नाकारायचा प्रयत्नही त्याने केला नाही. कदाचित त्यालाही ते ओझं झालं असेल. कदाचित शिडीवर उभं राहून खोटं बोलणं जमत नसेल.

"दाराशी आलो होतो, ताई. शपथेवर. हात उचलला होता वाजवायला. अस्मिता मनस्वीला घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, त्यांच्या घरात येशू आहे ना, त्यांचं काय वाकडं होतंय. आणि खाली गेली. मला वाटलं, म्हातारी रोजच बडबडते. एक रात्र नेरुळला मेव्हणीकडे झोपू, सकाळी येऊन बोलू तुमच्याशी. पडेल असं थोडंच वाटलं होतं?"

"आणि स्वप्न?"

"पाळकसाहेबांनी विचारलं, शांतवन, देवाने तुला कसं वाचवलं? तोंडातून निघून गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा सांगायला लावलं."

"यंदा खरं सांग," शर्मिला म्हणाली. "सगळ्यांसमोर. दारापाशी आलो होतो आणि वाजवलं नाही, एवढंच सांग. मी मशीनसाठी थांबले नव्हते, एवढंच. दुसरं मला काही नको."

त्याने हात जोडले. "मनस्वी तिथेच असते, ताई. पोरीला कळलं तर..."

"तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन."

"सांगतो," शांतवन म्हणाला. "देवाशपथ सांगतो."

देवाची शपथ त्या माणसाने याआधी कितीदा खर्च केली होती, ते देवालाच माहीत.

नाताळच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. मागे टेबलावर करंज्या आणि शंकरपाळ्यांच्या पराती झाकून ठेवलेल्या. गव्हाणीत या वर्षीचं बाळ ठेवलं, ते मुलगा होता आणि शेवटचाही होता, त्यामुळे कुणाचं काही दुखलं नाही. मनस्वी निळ्या झग्यात मरीया झाली. मंदिराच्या प्रवेशात हरवलेल्या मुलाला शोधत ती हॉलभर फिरली, "कुणी पाहिला का हो माझा बाळ?" असं विचारत. शर्मिलाच्या खुर्चीपाशीही आली आणि तिलाही विचारलं. नाटकात तसं बसवलेलंच होतं.

मग शांतवन उभा राहिला. माइक घेतला. शर्मिलाकडे एकदा बघितलं. शर्मिला पुढे झुकून बसली.

"रात्री झोपेत," तो म्हणाला, "मला कुणीतरी हाक मारली."

सगळं तसंच. योसेफ उठला तसा उठलो. सकाळी. आवाज फुटला. हात लांब झाला, मनस्वी कुशीत आली. हा बघा माझा पुरावा. टाळ्या पडल्या, आणि पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, "आणखी कुणाची साक्ष?"

ते नुसतं विचारायचं म्हणून विचारतात. त्यानंतर करंज्यांचीच वेळ असते. शर्मिला उभी राहिली.

"माझी आहे. याला स्वप्न पडलं नव्हतं. रखमाआजीने याला सांगितलं होतं, इमारत पडतेय, सगळ्यांना उठव. हा माझ्या दारासमोर उभा होता. हिची आई म्हणाली, त्यांच्या घरात येशू आहे, त्यांचं काय वाकडं होतंय. आणि हे निघून गेले. नंतर गावाला यानेच सांगितलं, की मी मशीनसाठी घरात बसून राहिले. माझ्या मुलाचं नाव तेजस होतं."

पाळकसाहेबांनी कीबोर्डवाल्याला खूण केली. गीत सुरू झालं. अर्धा हॉल सवयीने गायला लागला, अर्धा गप्प राहिला. सणासुदीचं हे काय, असं कुणीतरी म्हणालंच. पण अस्मिता उठून उभी राहिली आणि तिचा आवाज गाण्यावर चढला.

"हो, म्हणाले होते! आणि तू काय म्हणाली होतीस ते सांग ना! माझ्या लेकीला मेंढरू करते म्हणालीस. मान माझ्या लेकीचा होता! केलंसच ना मेंढरू? तू शिवलेली ती लोकर अजून माझ्या कपाटात आहे. दर वर्षी बघते मी ती!"

गाणं थांबलं. मनस्वी बापाच्या हाताखालून बाहेर आली. तिने आईकडे बघितलं नाही, बापाकडे बघितलं नाही. सरळ शर्मिलापाशी आली. डोक्यावरची निळी ओढणी घसरून खांद्यावर आली होती.

"मग काकू, तुम्ही मला कपडे का शिवायच्या?"

पोरीने खरंच विचारलं होतं. शर्मिलाच्या घरी पत्र्याच्या पेटीत या प्रश्नाचं उत्तर इस्त्री करून ठेवलेलं होतं. ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण हॉलभर माणसं बघत होती, अस्मिताचे शब्द अजून अंगात रुतलेले होते, आणि इतक्या वर्षांचा राग एकदा तोंडाशी आला की समोर कोण उभं आहे ते तो बघत नाही.

"तू का, आणि तो का नाही," शर्मिला म्हणाली, "ते बघायला."

 मनस्वीने पाठीमागे हात नेऊन झग्याची चेन उघडली, आतल्या साध्या फ्रॉकवरून तो झगा काढला, नीट घडी घातली आणि शर्मिलाच्या खुर्चीवर ठेवला. आणि बाहेर गेली. शर्मिलाला तिच्यामागे धावायचं होतं. ती खुर्चीवरच्या झग्यापाशीच उभी राहिली. आपण पोरीला काय बोललो ते तिला तेव्हाच कळलं होतं.

करंज्या संपल्या. त्या कधी उरत नाहीत.

भालेरावांनी मंडळी बदलली. पनवेलच्या बाजूला दुसरीकडे जातात म्हणे. शांतवन तिथेही साक्ष देतो, आणि आता त्यात एका बाईने सणाच्या दिवशी आपला कसा छळ केला, तेही येतं. ऐकणारे म्हणतात, पहिल्यापेक्षा चांगली झालीय साक्ष. कुशीत उभी राहायला मुलगी मात्र नसते. ती चर्चलाच जात नाही. इथल्या मंडळीने नाटकाचे कपडे भाड्याने आणायचं ठरवलं. कुणी शर्मिलाला ये म्हणालं नाही, येऊ नको असंही म्हणालं नाही.

खरं बोलून तिला मिळालं ते एवढंच, की एक दिवस रखमाआजी धापा टाकत, गुडघे धरून, तिच्या ओट्याची पायरी चढली. सुकटीचा वाटा पुढ्यात ठेवला. गावात तिने काय सांगितलं असेल ते असेल, पण हळूहळू बाकीच्या बायकाही यायला लागल्या, बसायला लागल्या. "पोराचं नाव काय व्हतं गं?" एकीने विचारलं. शर्मिलाने सांगितलं. इतक्या वर्षांत गावात त्याचं नाव कुणी पहिल्यांदा विचारलं होतं.

पुन्हा नोव्हेंबर आला. शर्मिलाने बाजारातून शर्टाचं कापड आणलं, बारीक निळ्या रेघांचं. दार लावलं, कापड जमिनीवर पसरलं, खडू घेतला आणि टेपसाठी हात लांब केला. टेप हातात आली. मापायला कुणी नव्हतं. गेल्या वर्षीचा शर्ट काढून त्यावर थोडं वाढवावं, असं तिच्या मनात आलं. पण किती? खांद्यात किती, बाहीत किती? या वयात मुलं एका वर्षात किती उंच होतात, काही थांबतात, काही आईच्याही वर जातात. पोरीने जे सांगायचं ते तिच्या अंगाने सांगायची, आणि ती पोरगी शर्मिलाने स्वतःच्या तोंडाने घालवली होती.

कात्री न लावता तिने कापडाची घडी घातली आणि पेटीत, गेल्या वर्षीच्या शर्टावर ठेवली. तेजस आता बारा वर्षांचाच राहणार होता.